देवळाची गर्दी आणि व्यासपीठावरील शब्द



या पुस्तिकेसाठीं ज्युबिली समितीनें आमच्या धर्मग्रामाचें जुनें दप्तर उघडून बाप्तिस्मे किती झाले, विवाह किती लागले, किती जणांस आपण मातींत ठेविलें, हें सर्व श्रमानें उतरून काढिलें आहे. परंतु रविवारीं देवळांत माणसें किती येतात याची नोंद आजपर्यंत कोणीही ठेविलेली नव्हती. तेव्हां समितींतील तरुण मंडळींनीं एका रविवारीं तिन्ही दरवाज्यांशीं उभें राहून शिरगणती केली. ती त्यांनीं एकाच मिस्सेंत दोन वेळां केली. एकदां शुभवर्तमानाचें वाचन आटोपून प्रवचन चालू असतां, व दुसऱ्यांदा ख्रिस्तशरीर उंच करण्याच्या घटकेला. दोन्ही आंकडे सारखे आले नाहींत. मधल्या अवधींत जी मंडळी वाढली ती तोंवर कोठें होती हें आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यांसही ठाऊक आहे. चिंचेखालची सावली चांगली आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं.

समितीनें हे आंकडे आमच्यापुढें ठेवून विचारिलें कीं, यांतील कोणता छापावा? त्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां हा लेख झाला आहे. देऊळ भरलेलें असावें ही प्रत्येक पाद्र्याची इच्छा असते. ज्यास ती नाहीं त्यानें दुसरा धंदा पाहावा. परंतु देऊळ भरलेलें राहावें म्हणून व्यासपीठावरून काय बोलावें आणि काय गिळावें, हा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे ती इच्छाच पुष्कळदां वैरीण होऊन बसते. हा पेच कांहीं आपल्या काळानें निर्माण केलेला नाहीं. तो फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास ज्यांनीं घडविला त्यांतील दोनतीन पुरुषांची ओळख आपल्या वाचकांस करून द्यावी असें आमच्या मनांत आहे.

पहिला मान अर्थातच संत योहान ख्रिसोस्तोम यांचा. ‘ख्रिसोस्तोम’ म्हणजे सोन्याच्या मुखाचा. पोप दहावे पायस यांनीं १९०८ सालीं त्यांस धर्मोपदेशकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केलें, म्हणून आम्हां पाद्र्यांचे तर ते घरचेच संत. इ. स. ३८६ सालीं सिरिया देशांतील अंत्योखिया शहरीं बिशप फ्लावियन यांनीं त्यांस पाद्रीपदाची दीक्षा दिली, आणि पुढें बारा वर्षें त्या शहरानें त्यांचीं प्रवचनें ऐकिलीं. त्या काळीं प्रवचनाला लोक केवळ ऐकावयास येत नसत, तर एखाद्या नाटकगृहांत यावें तसे येत. वाक्य आवडलें कीं टाळ्या वाजवीत, मोठ्यानें वाहवा करीत. गर्दी इतकी लोटे कीं तींत खिसेकापू शिरूं लागले. तेव्हां ख्रिसोस्तोमांना व्यासपीठावरून सांगावें लागलें कीं, बाबांनो, देवळांत येतांना पैशाची थैली घरीं ठेवून या. आपल्या देवळांत अद्याप हा प्रसंग आलेला नाहीं, याचें श्रेय कोणास द्यावें हें आम्हांस समजत नाहीं.

पण या गर्दीची एक मौज आहे. आमच्याकडे मंडळी प्रवचन चुकवितात आणि मुख्य विधीला आंत येतात. अंत्योखियांत नेमकें उलट होतें. प्रवचन संपलें कीं लोक उठून घरोघर जात, आणि पवित्र वेदीवरील विधि सुरू होण्याच्या वेळीं देऊळ ओस पडे. ख्रिसोस्तोमांनीं याबद्दल त्यांस ३८६ सालींच कडक शब्दांत विचारिलें. तुमच्यासारख्याच एका सेवकाचें बोलणें ऐकावयास तुम्ही एकमेकांस ढकलीत येतां आणि शेवटपर्यंत थांबतां, मग साक्षात् ख्रिस्त येण्याच्या वेळींच तुम्हांस घर कां आठवतें, असा त्यांचा आशय होता. या प्रसंगाचें आम्हांस फार मोल वाटतें, कारण तो टाळीस भुललेल्या उपदेशकाचा नव्हे. ज्या प्रवचनामुळें देऊळ भरत होतें त्यालाच त्यांनीं दुय्यम ठरविलें, व आपल्या श्रोत्यांची आपल्यावरील प्रीति हाच त्यांचा दोष म्हणून दाखविला.

पुढल्याच वर्षीं, म्हणजे ३८७ सालीं, त्या शहरावर मोठें संकट कोसळलें. सम्राट् थिओडोसियस यानें नवा कर बसविला, लोक खवळले, दंगा झाला, आणि जमावानें सम्राटाचे व त्याच्या कुटुंबांतील माणसांचे पुतळे पाडून रस्त्यांतून ओढिले. राग ओसरला तेव्हां भीति आली. सम्राट् शहर जमीनदोस्त करील अशी आवई उठली. कित्येकांस पकडण्यांत आलें. वृद्ध बिशप फ्लावियन क्षमा मागण्यासाठीं कॉन्स्टँटिनोपलच्या लांबच्या प्रवासास निघाले. बाजार ओस पडला आणि देऊळ भरलें. उपवासकाळाचे ते दिवस होते, आणि भयानें अर्धमेल्या झालेल्या त्या गर्दीपुढें ख्रिसोस्तोम एकामागून एक प्रवचनें देत होते.

अशा वेळीं उपदेशकास किती सोपें असतें! दोन अश्रू, दोन आश्वासनें, आणि लोक आपले पाय धरतील. ख्रिसोस्तोमांनीं आश्वासन दिलें, धीर दिला. पण त्याचबरोबर दररोज एकाच साध्या विषयावर ते परत परत येत राहिले. तो विषय म्हणजे शपथा घेण्याची वाईट खोड. बाजारांत, घरांत, चाकरांशीं बोलतांना ऊठसूट देवाच्या नांवानें शपथा घेणें त्या शहराच्या हाडींमासीं खिळलें होतें. सम्राटाच्या कोपानें शहर कांपत असतां हा मनुष्य शपथांविषयीं काय बोलत बसला आहे, असें श्रोत्यांस वाटलें, आणि तें कानावर आल्यावर त्यांनीं सांगून टाकिलें कीं तुम्ही ही खोड सोडीपर्यंत मी हा विषय सोडणार नाहीं. भीतीनें जमलेल्या गर्दीचा त्यांनीं आपल्या लौकिकासाठीं उपयोग केला नाहीं, तर ती गर्दी आयतीच हातीं सांपडली आहे तोंवर तिचें एखादें तरी व्यसन सुटावें, एवढीच त्यांची धडपड होती. पुढें सम्राटानें शहरास क्षमा केली. संकट टळलें, नाटकगृहें व शर्यतींचीं मैदानें पुन्हां गजबजलीं, आणि देवळांतील जागा पुन्हां मोकळ्या दिसूं लागल्या. भयानें आलेली गर्दी भय सरतांच जाते, हें त्या काळापासून प्रत्येक पिढीनें नव्यानें पाहिलें आहे.

३९८ सालीं ते कॉन्स्टँटिनोपलचे बिशप झाले. दुसऱ्याच वर्षीं, ३९९ च्या पवित्र आठवड्यांत, तेथें मोठें वादळ होऊन पिकांची नासाडी झाली. लोक घाबरून प्रेषितांच्या देवळांकडे मिरवणुकीनें धावले; आणि लगेच शुक्रवारीं, तोही प्रभूच्या मरणाचा शुक्रवार, घोड्यांच्या शर्यतींस गेले, व शनिवारीं नाटकांस. रविवारीं ख्रिसोस्तोमांनीं जें प्रवचन दिलें त्यांत, असे वागणारांस आपण पवित्र भोजनास घेणार नाहीं, अशी ताकीद होती. येथें एक गोष्ट आमच्या धंद्यांतील माणसानें प्रामाणिकपणें नमूद केली पाहिजे. जे आले नाहींत त्यांच्यावरील राग आपण जे आले आहेत त्यांच्यावर काढतों, हा आमचा पिढीजात दोष आहे. ख्रिसोस्तोमांकडूनही तो अनेकदां घडला. पण त्याबरोबरच, तुम्ही ऐकिलेलें न आलेल्यांस घरीं जाऊन सांगा, आणि पुढल्या वेळीं त्यांस हाताला धरून आणा, असें ते श्रोत्यांस विनवीत. नुसता राग काढून ते थांबत नसत.

टाळ्यांविषयींची त्यांची कबुली तर आम्हांस विशेष प्रिय आहे. प्रेषितांच्या कृत्यांवरील एका प्रवचनांत त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें कीं, तुम्ही टाळ्या वाजवितां तेव्हां मलाही, मनुष्यच असल्यामुळें, गोड वाटतें. पण घरीं गेल्यावर ध्यानांत येतें कीं टाळ्या वाजविणारांस कांहींच लाभ झाला नाहीं, आणि मग मी कष्टी होतों. म्हणून यापुढें देवळांत टाळ्या वाजवूं नयेत असा नियमच करूं या, असें ते म्हणाले. त्या सूचनेवरही श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या! पाद्रीपदावर लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं उपदेशकास दोन गोष्टी अवश्य सांगितल्या आहेत. एक, स्तुतीविषयीं बेपर्वाई. दुसरी, बोलण्याचें सामर्थ्य. दोहोंपैकीं एक नसली तर दुसरी वाया जाते. ज्यास स्तुतीची पर्वा नाहीं पण बोलतां येत नाहीं त्याचें कोणी ऐकत नाहीं, आणि ज्यास बोलतां येतें पण स्तुतीवांचून राहवत नाहीं तो लोकांस आवडेल तेंच बोलूं लागतो. सेमिनरींत असतांना आम्हीं हें वाचिलें तेव्हां परीक्षेपुरतें पाठ केलें. त्याचा अर्थ पुढें कळला, तो प्रसंग यथाक्रम येईल.

ख्रिसोस्तोमांच्या स्पष्टवक्तेपणाची किंमत त्यांस द्यावी लागली हें सर्वश्रुत आहे. बादशाही दरबार, श्रीमंत, आणि कांहीं बिशपही त्यांच्याविरुद्ध एक झाले. ४०४ सालीं त्यांस कायमचें हद्दपार करण्यांत आलें, आणि ४०७ सालीं त्याच वनवासांत प्रवासाच्या हालअपेष्टांनीं त्यांस मरण आलें. त्यांची जीभ क्वचित् अधिक तिखट होत असे, असें त्यांच्या चाहत्यांसही म्हणावें लागेल. सत्य बोलणें आणि तोंड सोडणें यांत अंतर आहे. परंतु तें अंतर किती याची मोजणी सत्य न बोलणारानें करूं नये.

यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं पश्चिमेकडे, आजच्या फ्रान्स देशांतील आर्ल या शहरीं, संत सेझारियस बिशप होऊन गेले. त्यांची कारकीर्द ५०२ पासून ५४२ पर्यंत. वक्तृत्वांत ते ख्रिसोस्तोमांच्या पासंगासही लागत नाहींत, आणि तशी त्यांची हांवही नव्हती. शुभवर्तमान वाचून झालें कीं त्यांचे लोक प्रवचन चुकविण्यासाठीं बाहेर सटकत. वाचकहो, चिंचेखालची परंपरा किती प्राचीन आहे पाहा! एकदां हें पाहून बिशपसाहेब वेदीजवळून धांवत बाहेर गेले, व पुढें पुढें तर शुभवर्तमानानंतर देवळाचीं दारें लावून घेण्याचा त्यांनीं हुकूम केला. ज्यांस आरंभीं कोंडलें त्यांनींच मागाहून उपकार मानिले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. चरित्रकार त्यांचे शिष्यच होते, तेव्हां इतकें म्हणावयाचेंच.

दारें लावण्याची गोष्ट सर्वांच्या लक्षांत राहते. परंतु सेझारियसांनीं आपल्या बाजूनें काय केलें तें कोणी सांगत नाहीं. त्यांनीं प्रवचनें आखूड केलीं. पंडितांची भाषा टाकून शेतकरी व कोळणी यांस समजेल अशी साधी भाषा धरिली, आणि विद्वानांनीं कान किंचित् खालीं करावे अशी त्यांस विनंती केली. त्या काळीं श्रोते उभ्यानेंच ऐकत. ज्यांचे पाय दुखत त्यांस बसावयाची मोकळीक त्यांनीं दिली. विषय तर रोजचे: दारू, खोटीं मापें, बायकोस मारणें, झाडांना व झऱ्यांना नवस बोलणें. शिवाय आपलीं प्रवचनें उतरून त्यांनीं दूरदूरच्या पाद्र्यांस पाठविलीं. ५०६ सालीं आग्द येथें त्यांच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या परिषदेनें, लोकांनीं रविवारीं मिस्सा संपेपर्यंत देवळांत थांबावें असा नियम केला. आणि ५२९ सालीं वेझों येथील परिषदेनें, खेड्यांतील पाद्र्यांसही उपदेश करण्याची मुभा दिली व पाद्री आजारी असल्यास डीकननें पूर्वाचार्यांचें प्रवचन वाचून दाखवावें असें ठरविलें. हे दोन नियम एकमेकांशेजारीं ठेवून वाचावे. पहिला लोकांवर बंधन घालतो, दुसरा आमच्यावर. पुढील काळांत पहिला पुष्कळांच्या स्मरणांत राहिला आणि दुसरा वारंवार विसरला गेला, हें कष्टानें लिहावें लागतें.

ख्रिस्तसभेला मात्र तो वारंवार आठवला. ८१३ सालीं तूर येथील परिषदेनें लॅटिन प्रवचनांचा लोकांच्या बोलींत अर्थ सांगण्याचा हुकूम केला. १२१५ सालीं चौथ्या लॅटरन परिषदेनें एका बाजूनें प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यावर वर्षांतून एकदां पापनिवेदन व पास्काच्या काळांत ख्रिस्तशरीराचा स्वीकार यांची सक्ती केली, तर दुसऱ्या बाजूनें बिशपांनीं समर्थ उपदेशक नेमावे असेंही फर्माविलें. ट्रेंटच्या परिषदेनें १५४६ सालीं, धर्मग्रामाच्या पाद्र्यांनीं निदान रविवारीं व सणांस आपल्या लोकांस त्यांच्या आवांक्यानुसार उपदेश केलाच पाहिजे असें ठरविलें. हे नियम पुन्हां पुन्हां करावे लागले, यावरूनच ते कितपत पाळले जात तें समजतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. गोमंतकांत पोर्तुगेजांचा अंमल बसल्यावर देवळें भरण्याचा एक निराळाच उपाय योजण्यांत आला. १५६७ सालीं गोव्याची पहिली प्रांतिक परिषद भरली, आणि तिच्या ठरावांस अनुसरून राजसत्तेनें असा हुकूम काढिला कीं, जे अद्याप ख्रिस्ती झालेले नाहींत त्या हिंदु गृहस्थांनींही ठराविक रविवारीं धर्मोपदेश ऐकावयास हजर राहावें. त्यांच्या नांवांच्या याद्या झाल्या. गैरहजर राहिल्यास दंड होता. उपस्थितीचें एवढें चोख दप्तर आपल्या इकडे त्यापूर्वीं कधीं ठेविलें गेलें नसेल. पण त्या उपदेशांतून किती अंतःकरणें वळलीं? दंडाच्या भयानें बसलेल्या मनुष्याचे कान उघडे असतात, पण त्याच्या मनाचें दार आंतून लावलेलें असतें. आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचा हा आरंभ सांगतांना कांहीं सज्जनांस संकोच वाटतो, म्हणून ज्युबिलीच्या पुस्तिकांत तो बहुधा गाळतात. आम्हांस वाटतें, प्रवचनांत खरें बोलावें असा लेख लिहून इतिहासांत खोटें बोलण्यांत अर्थ नाहीं.

सुदैवानें तेवढाच इतिहास नाहीं. त्याच भूमींत १५७९ च्या आक्टोबर महिन्यांत फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय उतरले, आणि पुढें आयुष्याचीं बहुतेक वर्षें त्यांनीं सासष्टी प्रांतांतील लोकांत काढिलीं. त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ आपल्यापैकीं बहुतेकांनीं नांवानें तरी ऐकिलेलें आहे. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. दोन भाग, आणि ओंव्या सुमारें अकरा हजार. हा ग्रंथ कसा निघाला याची हकीकत खुद्द त्याच्याच आरंभीं दिली आहे, ती आमच्या विषयास इतकी लागू आहे कीं ती येथें थोडक्यांत सांगतों.

सासष्टींतील एका देवळांत रविवारच्या दिवशीं पाद्री मुलांस धर्मशिक्षण देत असतां एक नवख्रिस्ती गृहस्थ पुढें आला व त्यानें नम्रपणें गाऱ्हाणें घातलें. त्याचें म्हणणें असें कीं, आपण आमचीं पूर्वींचीं शास्त्रपुराणें बंद केलीं. बरें, परंतु त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत वाचावयास, मन रमवावयास दुसरें पुराण आपण आम्हांस कां देत नाहीं? पाहा, हा मनुष्य गैरहजर नव्हता. तो देवळांत आला होता, याद्यांत त्याचें नांव असेल, आणि गणतींत तो भरला असेल. तरीही तो उपाशी होता. फादर स्टीफन्स यांचें मोठेपण असें कीं, त्यांस हें गाऱ्हाणें उर्मटपणाचें वाटलें नाहीं. त्यांनीं त्यास गप्प केलें नाहीं, अथवा हजेरी लावतोस ना, मग पुरे, असेंही म्हटलें नाहीं. परदेशांत जन्मलेल्या त्या माणसानें मराठीवर असें प्रभुत्व मिळविलें कीं तिची त्यानें हिऱ्यामाणकांच्या भाषेंत स्तुति केली, आणि त्या एका प्रश्नाचें उत्तर म्हणून अकरा हजार ओंव्या लिहिल्या. १६१९ सालीं ते वारले. १६४९ व १६५४ सालीं त्या ग्रंथाच्या पुन्हां आवृत्त्या निघाल्या. अर्थात् मागणी होती.

१६०६ सालच्या पांचव्या प्रांतिक परिषदेनें, ज्यास लोकांची भाषा येत नाहीं त्या पाद्र्यास धर्मग्राम देऊं नये असा शहाणपणाचा नियम केला होता. परंतु भाषा शिकणें कष्टाचें असतें. पुढें वारें फिरलें, आणि १६८४ सालीं विजरई कोंद दि आल्व्होर यांनीं उलट हुकूम सोडला कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनींच आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. मेंढपाळानें मेंढरांची हांक शिकावयाची, कीं मेंढरांनीं मेंढपाळाची? तो हुकूम कागदावर राहिला. लोकांची बोली आजही जिवंत आहे. मात्र स्टीफन्स यांच्या तोलाचा ग्रंथ त्यानंतर फार काळ निपजला नाहीं.

याच गोमंतकाचे पुत्र संत जोझफ वाझ यांचें उदाहरण अगदीं विरुद्ध टोंकाचें. १६८७ सालीं ते वेष पालटून सिलोनांत शिरले. तेथें डचांच्या अंमलाखालीं कॅथॉलिक उपासनेला बंदी होती. मिस्सेस येणें हाच अपराध. हे रात्रीं गुप्तपणें घरोघर फिरत, तामिळ व सिंहली भाषा शिकून लोकांशीं बोलत, आणि धरपकडीचा धोका पत्करूनही लोक येत. एकीकडे न आल्याबद्दल दंड, दुसरीकडे आल्याबद्दल दंड! श्रद्धा कोठें रुजली हें सिलोनच्या ख्रिस्तसभेकडे पाहून समजतें. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं कोलंबो येथें त्यांस संतपदीं चढविलें.

आणि आपली वसई? १७३९ सालीं चिमाजी आपांनीं वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगेज गेले, त्यांचे बहुतेक युरोपियन पाद्री गेले, सक्ती करणारी सत्ता गेली. देवळांत आलें नाहीं म्हणून विचारणारें कोणी उरलें नाहीं. त्या वेळीं कांहीं जण परत फिरले, हें सत्य आहे. तो त्यांचा अधिकार होता. परंतु राहिलेले पुष्कळ राहिले. देशी पाद्र्यांनीं, साधनें नसतां, मोडक्या देवळांतून त्यांस सांभाळिलें. आज या पुस्तिकेचे जे वाचक आहेत त्यांच्यापैकीं बहुतेकांचे पूर्वज त्या राहिलेल्यांतले. त्यांस काय म्हणून राहावेंसें वाटलें असेल, याचा आम्ही पुष्कळदां विचार करतों. दंड उरला नव्हता, लाभ तर नव्हताच. कोणीतरी, केव्हांतरी, त्यांच्या बोलींत त्यांच्याशीं खरें बोललें असलें पाहिजे. एखादी आई, एखादा मेस्त्री, एखादा अनामिक पाद्री.

येथें आमची एक गोष्ट सांगणें भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. सुगीचे दिवस होते, आणि शेतावर राबणाऱ्या आदिवासी मजुरांची मजुरी अडकवून ठेवण्याची वाईट चाल तेथें पडली होती. संत याकोबांच्या पत्रांत अडकवलेल्या मजुरीविषयीं जें आहे त्यावर आम्हीं सणाच्या दिवशीं प्रवचन दिलें. नांवें घेतलीं नाहींत. घेण्याची गरज नव्हती. पुढल्या रविवारीं तीन बांकें रिकामीं होतीं. तीं कुटुंबें शेजारच्या देवळांत जाऊं लागलीं, आणि देवळाच्या छपरासाठीं कबूल झालेली देणगीही त्यांच्याबरोबर गेली. कांहीं वडीलधाऱ्यांनीं आम्हांस समजाविलें कीं, फादर, देऊळ बांधावयाचें तर माणसें तोडून कसें चालेल? आम्हांस तें पटलें. पटलें असें म्हणण्यापेक्षां, आम्हीं तें पटवून घेतलें.

दुसऱ्या वर्षीं त्याच सणाला आम्हीं संताचें चरित्र सांगितलें. जन्म, बालपण, चमत्कार, मरण. भाषा सुंदर होती. तिन्ही बांकें भरलेलीं होतीं, आणि बाहेर आल्यावर पुष्कळांनीं हात हातांत घेऊन प्रवचन छान झालें म्हणून सांगितलें. सर्वांच्या शेवटीं एक म्हातारी आजी, लाल लुगडें नेसलेली, काठी टेकीत आली. तिनें आमच्या हाताचें चुंबन घेतलें आणि म्हणाली, “फादर, अवंदाचा शेर्मांव गोड झाला. पण घरीं न्यावयास कांहीं सांपडलें नाहीं बाबा.” तिच्या बोलण्यांत टोंचणी नव्हती, बाजारांत टोपली रिकामी राहिल्याचें सांगावें तसें तिनें तें सांगितलें. त्या रात्रीं आम्हांस ख्रिसोस्तोमांचें तें घरीं जाऊन कष्टी होणें पहिल्यानें समजलें. सांगावयास संकोच वाटतो कीं, मजुरीचा विषय पुन्हां व्यासपीठावर घेण्यास आम्हांस आणखी एक वर्ष लागलें. त्या वेळीं एक बांक रिकामें झालें. दोन राहिलीं. त्यांतील एका गृहस्थानें मजुरांचा हिशेब चुकता केला असें कानावर आलें. तो मिस्सेनंतर आमच्याशीं कित्येक महिने बोलला नाहीं, पण येत राहिला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेविषयीं जो दस्तऐवज मंजूर केला त्यांत प्रवचनास उपासनेचाच एक भाग मानिलें आहे, आणि रविवारीं व सणांस गंभीर कारणावांचून तें गाळूं नये असें सांगितलें आहे. तेव्हांपासून मिस्साही आपल्या मराठींत आली. म्हणजे स्टीफन्स यांस विचारलेल्या प्रश्नास ख्रिस्तसभेनें अधिकृत उत्तर द्यावयास साडेतीनशें वर्षें लागलीं. भाषेची अडचण आतां उरली नाहीं. आमचें प्रवचन समजत नाहीं असें आतां कोणास म्हणतां येणार नाहीं; समजून तें पोकळ आहे असें मात्र म्हणतां येईल, आणि आमची खरी पंचाईत तेथें आहे. पोप फ्रान्सिस यांनीं २०२४ च्या जून महिन्यांत पाद्र्यांस प्रवचन आठ मिनिटांत आटपा, नाहींतर लोकांस झोंप लागते, असें सांगितलें, त्याची कात्रणें आमच्या धर्मग्रामांतील निदान पांच जणांनीं आम्हांस आणून दिलीं. त्या सर्वांचे आम्ही आभारी आहों. आठ मिनिटांत पोकळ बोलणें अर्ध्या तासाच्या पोकळपणापेक्षां बरें खरें. परंतु मजुरीचें तें प्रवचनही आठच मिनिटांचें होतें, हें नम्रपणें नमूद करतों.

२०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें देवळें बंद झालीं, तीं महाराष्ट्रांत नोव्हेंबरांत उघडलीं, व पुढल्या वर्षीं पुन्हां बंद होऊन आक्टोबरांत उघडलीं. त्या काळांत आम्हीं रिकाम्या बांकांपुढें मिस्सा केली, आणि लोकांनीं ती घरीं भ्रमणध्वनीवर पाहिली. रिकाम्या देवळांत बोलतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, समोर चेहरे नसले म्हणजे खरें बोलणें फार सोपें जातें. कोणी भुंवया चढवीत नाहीं, कोणी उठून जात नाहीं. आणि तरीही तें बोलणें खरें झालें असें वाटेना. ज्यास राग येऊं शकतो तो मनुष्य समोर बसलेला असावा लागतो. तेव्हां आमच्या चिंचेखालच्या मंडळींस कोणी परके मानूं नये. आम्हांस ते हवे आहेत, तिन्ही बांकें हवीं आहेत, आणि त्यांच्यासमोर जें सांगावयाचें तें सांगण्याचें धैर्यही हवें आहे. यांपैकीं एकाच्या बदल्यांत दुसरें मिळेल असें आम्हांस कोणी सांगूं नये. तो व्यवहार आम्हीं एकदां करून पाहिला आहे.

ज्युबिलीनिमित्त देवळाच्या मुख्य दाराची दुरुस्ती झाली, तेव्हां सुतारानें नवी कडी आंतून बसवूं कां, असें विचारिलें. आमच्या डोळ्यांपुढें क्षणभर संत सेझारियस उभे राहिले. पण तें असो. समितीच्या प्रश्नाचें उत्तर बाकी होतें. दोन्ही आंकडे छापा, असें आम्हीं सांगितलें आहे. ते शेवटच्या पानावर, देणगीदारांच्या यादीच्या वर आहेत.